दुसऱ्याच्या बॅटरीचा हिशेब

गंगापूर रोड, नाशिक

चि. सई,


तुझा फोन आल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. मापनाच्या गोष्टी फोनवर अर्ध्या राहून जातात, कागदावर नीट सांगता येतात, म्हणून लिहायला बसले. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाची नोंद करायची, फोटो काढायचा आणि पाठवायचा, असं अ‍ॅप तुमची कंपनी करते आहे. तू तिथे टेस्टिंगला लागलीस आणि पहिलंच काम मिळालं ते असं, की नवी आवृत्ती जुनीपेक्षा ३० टक्के कमी बॅटरी खाते हे दाखवणारा तक्ता तयार कर. तू विचारलंस, "आत्या, हे मोजायचं कसं?" ते सांगतेच. पण आधी एक गोष्ट ऐक. ३० हा आकडा मनातून काढून टाक. मोजून १२ आले तर १२ लिही. नवी आवृत्ती जास्त वीज घेते असं निघालं तर तेही लिही, आणि सही करून दे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मी मुलांची जर्नलं तपासायची, तेव्हा उत्तर आधी ठरवून मागून वाचनं भरलेली पानं लगेच ओळखू यायची, कारण ती फार गुळगुळीत असायची. खरं मोजमाप थोडं खडबडीत असतं. तुझा तक्ता खडबडीत असू दे.

आता ज्याचा फोन मोजायचा तो माणूस कोण, ते बघ. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तोवर तलाठी करायचा ती पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही, तर गारपिटीनंतर मदत मागताना किंवा सरकारी खरेदीच्या वेळी अडचण येते. म्हणजे बांधावर उभं असताना फोन बंद पडणं ही त्याच्यासाठी नुसती गैरसोय राहत नाही. आणि तुमचं अ‍ॅप त्याच्या फोनकडून काय काय मागतं बघ: जीपीएस चालू, कॅमेरा चालू, उन्हात दिसावं म्हणून स्क्रीन पूर्ण उजेडावर, आणि फोटो पाठवायला मोबाईलचं नेटवर्क. फोनमधली सगळ्यात खादाड अंगं एकाच वेळी कामाला लागतात. ऑफिसात बसून बातम्या वाचायच्या अ‍ॅपशी याची तुलनाच नको.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाईल परत केले, ते तुला आठवत नसेल. तू तेव्हा कॉलेजात होतीस. फोन तापतात, अडकतात, कमी मेमरीमुळे पोषणाची माहिती भरायचं अ‍ॅप नीट चालत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मला त्या बायकांचं फार पटलं. अ‍ॅप करणाऱ्याच्या टेबलावर महागडा नवा फोन असतो, आणि ते वापरणारीच्या हातात दोन-तीन वर्षं घासलेला, स्वस्तातला. मधलं अंतर कुणी मोजलेलंच नसतं. ते मोजायचं काम आता तुझं आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

तर मोजायचं कसं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या टक्क्यांवर विसंबू नकोस. हिशेब करून दाखवते. फोनवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ती साठलेल्या विद्युतभाराची संख्या आहे, ऊर्जेची नाही. ऊर्जा हवी तर व्होल्टेजने गुण. ३.८५ व्होल्ट धरले तर १९.२५ वॉट-तास, म्हणजे ६९,३०० ज्यूल. त्याचा एक टक्का ६९३ ज्यूल. आता समज, एक नोंद करायला सहा मिनिटं लागली आणि त्या वेळात फोनने सरासरी ४०० मिलिअँपिअर घेतले. मग शक्ती १.५४ वॉट आणि ३६० सेकंदांत ऊर्जा सुमारे ५५४ ज्यूल. एक टक्क्याहून कमी! म्हणजे पूर्ण नोंद झाली तरी टक्क्याचा आकडा कधी हलेल, कधी हलणार नाही. या पट्टीने दोन आवृत्त्यांमधला फरक मोजणं शक्यच नाही. म्हणून तक्ता टक्क्यांत नको, ज्यूलमध्ये कर, आणि एकक ठेव 'एक पूर्ण नोंद': अ‍ॅप उघडल्यापासून फोटो पोचल्याची खूण येईपर्यंत.

एककाचा हा आग्रह धर. नुसती 'तासाला किती' अशी तुलना केलीस तर संथ आवृत्ती जिंकते. संथ अ‍ॅप दर सेकंदाला कमी वीज घेईल, पण शेतकरी स्क्रीन पेटवून तेवढा जास्त वेळ उभा राहील. एखादी आवृत्ती प्रोसेसरला जोरात पळवते, वॉट जास्त दाखवते आणि काम निम्म्या वेळात उरकून फोनला परत झोपू देते. ती शेवटी स्वस्त पडू शकते. वॉट बघून घाबरू नकोस, ज्यूल बघ.

दुसरा सापळा व्होल्टेजचा. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज ४.३ च्या आसपास असतं, उतरत आलेल्या बॅटरीचं ३.६ च्या आसपास. तेच १.५४ वॉटचं काम भरलेल्या बॅटरीवर सुमारे ३५८ मिलिअँपिअर घेतं आणि उतरलेल्या बॅटरीवर ४२८. आता कल्पना कर: कुणी सकाळी भरलेल्या फोनवर नवी आवृत्ती चालवली, दुपारी त्याच फोनवर जुनी, आणि नुसते मिलिअँपिअर लिहिले. कोडची एक ओळही न बदलता १६ टक्के बचत तयार! प्रत्येक वाचनाला त्या क्षणाचं व्होल्टेज त्या क्षणाच्या प्रवाहाने गुणायचं, मगच बेरीज करायची. आणि दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून चालवायच्या: नवी, जुनी, जुनी, नवी. म्हणजे बॅटरी उतरण्याचा आणि फोन तापण्याचा फायदा-तोटा दोघींना सारखा मिळेल. चार्ज ८० आणि ४० टक्क्यांच्या मधे असतानाच मोज.

अ‍ॅपचा स्वतःचा वाटा वेगळा काढायचा असेल तर लासलगावच्या बाजार समितीतला भुईकाटा आठव. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर आधी काट्यावर, माल उतरला की रिकामा परत काट्यावर, आणि वजाबाकी म्हणजे कांदा. तसंच आधी स्क्रीन तेवढ्याच उजेडावर ठेवून, अ‍ॅप न उघडता फोन तेवढाच वेळ मोज. मग अ‍ॅपसकट मोज. दोन्ही आकडे तक्त्यात दे. इंजिनिअरला वजाबाकी हवी, शेतकऱ्याला मात्र एकूण आकडा लागतो, कारण त्याची बॅटरी स्क्रीनसकट उतरते.

साधनांचं बोलते. उत्तम रीत म्हणजे बॅटरी बाजूला काढून फोनला बाहेरून मोजणाऱ्या यंत्रातून वीज देणं. संशोधक बरीच वर्षं मान्सून नावाचा पॉवर मॉनिटर यासाठी वापरत आले आहेत. तो सेकंदाला ५००० वेळा वाचन घेतो. पण हल्लीच्या फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते, फोन उघडावा लागतो, आणि उघडलेला फोन घेऊन तू शेतात जाऊ शकत नाहीस. कंपनी घेऊन देत असेल तर एक घे, प्रयोगशाळेत ठेव, आणि बाकीच्या वाचनांची पडताळणी त्यावर कर.

फोनच्या आतही बॅटरीचा प्रवाह मोजणारी चिप असते आणि अँड्रॉइड तिचं वाचन अ‍ॅपला देतं. ते वापर, पण आधी तपास. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे ते मायक्रोअँपिअरमध्ये यायला हवं. काही फोन मिलिअँपिअरमध्ये देतात. काही फोनवर उणे-अधिक चिन्ह उलटं असतं. काहींवर आकडा कित्येक सेकंद बदलतच नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणिक झटका त्यात सापडत नाही. प्रत्येक मॉडेलवर ज्ञात भार टाकून चिपची परीक्षा घे, मगच तिची साक्ष घे. अँड्रॉइड स्टुडिओत २०१८ मध्ये आलेला एनर्जी प्रोफायलर प्रत्यक्ष मोजत नव्हता, अंदाज बांधत होता. त्याच्या जागी आलेला पॉवर प्रोफायलर खरं मोजतो, पण गूगलच्या पिक्सेल ६ आणि त्यानंतरच्या पिक्सेल फोनवरच. तुझा शेतकरी पिक्सेल वापरत नाही. आणि मोजताना यूएसबीची केबल लावून ठेवू नकोस, तिच्यातून फोन चार्ज होत राहतो. अँड्रॉइडच्या बॅटरीस्टॅट्स या साधनातली नोंद आधी पुसून शून्यावर आण, केबल काढ, काम कर, मग जोडून नोंद वाच. प्रत्येक प्रयोग निदान वीस-तीस वेळा कर, आणि सरासरीबरोबर आकडे किती पसरलेत तेही लिही. दोन आवृत्त्यांमधला फरक या पसरण्यापेक्षा लहान असेल तर 'फरक सापडला नाही' असं लिहायचं.

वीज नेमकी कुठे जाते, याबद्दल दोन जुनी संशोधनं सांगते, कारण त्यांनी माझे डोळे उघडले. २००९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या निरंजन बालसुब्रमणियन, अरुणा बालसुब्रमणियन आणि अरुण वेंकटरामाणी यांनी मोबाईल नेटवर्कचा खर्च मोजला. थ्रीजीवर माहिती पाठवून संपली तरी रेडिओ साधारण बारा सेकंद जास्त विजेच्या अवस्थेत जागाच राहतो. लहानशा निरोपासाठी खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग निरोप गेल्यानंतर जातो. फोरजीलाही अशी शेपूट आहेच. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला चिमूटभर माहिती पाठवणारं अ‍ॅप, तीच माहिती साठवून एकदम पाठवणाऱ्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी महाग पडतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये नोंद भरतानाच प्रत्येक रकान्यानंतर सर्व्हरला काही जातं का, ते आधी शोध. मला तर वाटतं, तुझी मोठी बचत इथेच दडलेली असेल.

दुसरं २०१२ चं. पर्ड्यू विद्यापीठाचे अभिनव पाठक आणि चार्ली हू, मायक्रोसॉफ्टचे मिंग झांग, यांनी अ‍ॅपच्या आत कोणता भाग किती वीज खातो हे वेगवेगळं काढलं. फुकटच्या अ‍ॅपमध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा बाहेरून आणलेल्या जाहिरातींच्या भागांवर जात होती. अ‍ॅप ज्यासाठी उघडलं, ते काम उरलेल्यात. तुमच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात नसेल, पण वापराची मोजदाद करणारे, क्रॅश कळवणारे, नोटिफिकेशन पाठवणारे तयार तुकडे नक्की असतील. एकेक बंद करून मोज. कोणता तुकडा शेतकऱ्याला एका नोंदीमागे किती ज्यूलला पडतो, ते नावानिशी तक्त्यात येऊ दे. कुणाला आवडणार नाही, तरी येऊ दे.

आणि आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. ही मोजणी सातपूरच्या ऑफिसात, वायफायवर, पंख्याखाली करून थांबू नकोस.

सिग्नल अशक्त असला की फोनचा ट्रान्समीटर जोर लावतो, गती कमी असल्याने जास्त वेळ लावतो, फोटो अर्ध्यात तुटला की पुन्हा पाठवतो. ऑफिसात समजा ५५४ ज्यूल आले, तर तो आकडा पेठला, सुरगाण्याला, हरसूलकडच्या एखाद्या पाड्यावर किती होतो, हे तिथे गेल्याशिवाय कळणार नाही. घाटाच्या आड रेंज एक काडी असते आणि तीही वाऱ्यासारखी येते-जाते. तिथे अ‍ॅप काय करतं? फोटो जपून ठेवतं आणि रेंज आल्यावर पाठवतं, की वेड्यासारखं दर काही सेकंदांनी प्रयत्न करत राहतं? दुसऱ्या प्रकारचं अ‍ॅप शेतकरी घरी पोचायच्या आत फोन रिकामा करेल. हा एक प्रयोग तुझ्या बाकीच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाचा आहे.

हवामानाची दोन्ही टोकं आपल्या जिल्ह्यातच आहेत, त्यासाठी कुठे लांब जायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बऱ्याचदा राज्यात सगळ्यात खाली जातो, बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. त्यात बॅटरी जुनी असेल तर कॅमेरा उघडताच व्होल्टेज कोसळतं, आणि १५ टक्के दाखवणारा फोन पट्कन बंद होतो. इथे ज्यूलचा हिशेब बरोबर असूनही फोन गेला, कारण प्रश्न एका क्षणी ओढलेल्या प्रवाहाचा होता. म्हणून सरासरीबरोबर कमाल प्रवाहही लिही, आणि जीपीएस, कॅमेरा, अपलोड हे एकाच क्षणी न करता एकामागोमाग केलं तर काय होतं, तेही बघ. तसंच एप्रिल-मेमध्ये मालेगावला जा. तापलेला फोन प्रोसेसर संथ करतो, स्क्रीन मंद करतो, काम लांबतं. ५००० ची बॅटरी वापरून वापरून ३५०० वर आलेली असली, तर तेच ५५४ ज्यूल तिच्यासाठी ०.८ ऐवजी १.१४ टक्के होतात. म्हणून जुनेच फोन मागून घे. नात्यात, शेजारी, कुठूनही.

स्क्रीन बंद असताना अ‍ॅप मागे किती वीज घेतं, याची फोन टेबलावर ठेवून केलेली मोजणीही फार विश्वासाची धरू नकोस. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन निश्चल पडून असला, स्क्रीन बंद असली, की तो गाढ झोपतो आणि अ‍ॅपची कामं मागे ढकलतो. शेतकऱ्याचा फोन मात्र खिशात असतो आणि खिसा मोटारसायकलवर. ती गाढ झोप त्याला मिळत नाही. फोन खिशात घेऊन दिंडोरीपर्यंत जाऊन ये, आणि ती वाचनं वेगळी लिही.

डार्क मोडचं तू विचारलं होतंस. २०२१ मध्ये पर्ड्यूच्याच संशोधकांनी ओलेड स्क्रीनवर ते मोजलं. उजेड ३० ते ५० टक्के असताना बचत जेमतेम ३ ते ९ टक्के निघाली. पूर्ण उजेडावर ३९ ते ४७ टक्के. शेतकऱ्याची स्क्रीन पूर्ण उजेडावर असते, तेव्हा हे आपल्या कामाचं वाटेल. पण स्वस्त फोनची स्क्रीन बहुधा एलसीडी असते. तिच्यात मागचा दिवा सतत जळतो, पडदा काळा असो की पांढरा, त्यामुळे बचत नगण्य. शिवाय भर उन्हात काळ्या पडद्यावरची अक्षरं वाचायला त्याला हाताची सावली धरून जास्त वेळ उभं राहावं लागेल. माझं मत विचारशील तर शेतातल्या पडद्यांसाठी डार्क मोड नको. पण माझं मत तक्त्यात घालू नकोस, मोजून बघ.

कधी कधी तर फोनला कामच न सांगणं हीच खरी बचत असते. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारी कुंभथॉन भरायला लागली. त्यातून नीलय कुलकर्णी या आपल्या नाशिकच्या शाळकरी मुलाने साथीदारांबरोबर गर्दी मोजणारी 'आशिओतो' नावाची चटई केली. पायांच्या दाबावरून ती माणसं मोजायची. लाखो भाविकांपैकी कुणाच्याही खिशातला फोन त्यासाठी जागा ठेवावा लागला नाही. पुढे २०२० मध्ये याच रासकरांच्या गटाने कोविडच्या संपर्कशोधासाठी सेफ पाथ्स हे अ‍ॅप केलं. त्या वर्षी जगभरच्या अशा अ‍ॅपसमोर बॅटरीचा प्रश्न उभा होता. सिंगापूरचं ट्रेसटुगेदर आयफोनवर नीट चालायला अ‍ॅप सतत उघडं ठेवावं लागे, आणि लोक कंटाळून ते बंद करत. अ‍ॅपल आणि गूगल यांनी एप्रिल २०२० मध्ये एकत्र येऊन ही सोय फोनच्या प्रणालीतच देण्याचं जाहीर केलं, त्यामागे हेही कारण होतं. २०२७ चा सिंहस्थ आता जवळ आला आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकला पर्वणीच्या दिवशी टॉवर गर्दीने कोंडतील, फोन नेटवर्क शोधत शोधत रिकामे होतील, आणि ताटातूट झालेल्या आजीला मुलाला फोन करता येणार नाही. त्या गर्दीसाठी तुमची कंपनी काही करणार असेल, तर बॅटरीचा हिशेब पहिल्या बैठकीत मांडायची तुझी जबाबदारी आहे.

तक्त्याखाली हे लिहायला विसरू नकोस: फोनचं मॉडेल आणि वय, अँड्रॉइडची आवृत्ती, स्क्रीनचा उजेड, हवेचं आणि बॅटरीचं तापमान, नेटवर्कचा प्रकार आणि सिग्नल, चार्ज किती होता, प्रयोग किती वेळा केला. यातलं एक जरी गाळलंस, तरी दुसऱ्या माणसाला तोच प्रयोग करून तुझा आकडा तपासता येणार नाही. साहेबांना जाहिरातीसाठी एकच आकडा हवा असेल तर सिग्नल कमी असलेल्या जागेचा आणि जुन्या फोनचा दे. तिथे नवी आवृत्ती जिंकली, तर बाकी ठिकाणी जिंकण्याची शक्यता बरीच आहे. तरी तेही मोजूनच म्हण.

पहिल्या दिवसाची वाचनं झाली की मूळ फाइल मला पाठव, सरासरी काढायच्या आधीची. पेठकडे मोजायला जाशील तेव्हा मला सांग, मी बरोबर येईन. माझा जुना फोन अजून चालतो आहे, बॅटरी पार थकलेली आहे, म्हणजे तुला हवा तसाच. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या